कुठे निघालात? फिनिशमध्ये रोजचं उत्तर देताना

फिनलंडमधल्या एस्पो शहरातल्या आमच्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. माझ्या हातातली कापडी पिशवी बघून त्यांनी विचारलं, ‘मिन्ने मात्का?’ म्हणजे ‘कुठे निघालीस?’ प्रश्न समजला म्हणून मी भलतीच खूश झाले आणि पाठ केलेला शब्द ठोकून दिला, ‘काउपास्सा!’ आजी हसल्या आणि म्हणाल्या, ‘काउप्पाऽन.’ मी मान डोलावली. चूक काय झाली ते रस्त्याला लागल्यावर कळलं. मी लिफ्टमध्ये उभी राहून ‘दुकानात आहे’ असं सांगितलं होतं.

मराठी माणसाला हा घोळ सहज कळणार नाही, कारण आपण ‘दुकानात जाते’ म्हणतो आणि ‘दुकानात आहे’ही म्हणतो. शेवटचा ‘त’ दोन्हीकडे तोच. ‘घरी’चंही तेच. फिनिशमध्ये असणं, जाणं आणि तिथून येणं यांना तीन वेगळी रूपं आहेत: काउपास्सा (दुकानात आहे), काउप्पाऽन (दुकानात जाते), काउपास्ता (दुकानातून येते). एवढं एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सरावाने येतं.

या लेखात फिनिश शब्द देवनागरीत लिहिले आहेत, तेव्हा खुणा आधी सांगते. ‘ऽ’ दिसला की आधीचा स्वर दुप्पट ताणायचा. ही हौस नव्हे, तेवढ्याने अर्थ बदलतो. जोडाक्षरात एकच व्यंजन दोनदा आलं तर जिभेने तिथे क्षणभर थांबायचं, जसं ‘पत्ता’ म्हणताना थांबतो. ‘ॲ’ आपल्या ‘बॅट’मधला, मराठीत तो आहे हे आपलं नशीब. ‘यु’ लिहिलंय तिथे तोंडात ‘ई’ ठेवून ओठ ‘ऊ’सारखे करायचे आणि ‘यो’ लिहिलंय तिथे ‘ए’ म्हणताना ओठ गोल करायचे. मात्र ‘युना’ आणि ‘युहान्नुस’ यांच्या सुरुवातीचा ‘यु’ आपला नेहमीचाच, तसाच ‘सेइनॅयोकि’ आणि ‘सातेऽनवार्यो’ यांतला ‘यो’ही. जोर कायम पहिल्या अक्षरावर.

पहिली पायरी: क्रियापद तोंडात बसवा

पुस्तकात ‘मिनॅ मेनेन’ म्हणजे ‘मी जाते’ असं शिकवतात. रस्त्यावर, ऑफिसात, पाळणाघराच्या दारात हे कोणी म्हणत नाही. मिनॅचं ‘मॅ’ होतं, सिनॅचं ‘सॅ’, मेनेनचं ‘मेऽन’. म्हणजे मॅ मेऽन (मी जाते), सॅ मेऽत (तू जातेस), से मेनेऽ (तो किंवा ती जाते). ‘आम्ही जातो’साठी पुस्तकात ‘मे मेनेम्मे’ असतं, पण लोक ‘मे मेन्नॅऽन’ म्हणतात. नुसतं ‘मेन्नॅऽन!’ म्हटलं की ‘चला, जाऊया!’

‘निघालेय’ असं सांगायचं असेल तर ‘मॅ ओऽन मेनोस्सा’. हेलसिंकीच्या बाजूला शेवटचा ‘सा’ गिळून ‘मेनोस’ म्हणतात. प्रश्न असतो, ‘मिहिन सॅ ओऽत मेनोस्सा?’ भविष्यकाळाची वेगळी रूपं फिनिशमध्ये नाहीत, ‘उद्या जाणार’साठीही हेच वर्तमानकाळातलं ‘मेऽन’ चालतं. पुढे ‘हुओमेन्ना’ म्हणजे ‘उद्या’ लावलं की काम झालं.

सॅ हे आपलं ‘तू’. सत्तरीच्या आजींना ‘तू’ म्हणायला माझी जीभ वर्षभर वळत नव्हती. आदरार्थी ‘ते’ भाषेत आहे, फार वयस्कर अनोळखी माणसाशी बोलताना ते चालतंही. पण शेजाऱ्यांशी, बॉसशी, मुलांच्या बाईंशी सरळ ‘सॅ’. ‘तुम्ही’ म्हटलं तर उलट त्यांनाच अवघडल्यासारखं होतं.

दुसरी पायरी: स्वर ताणा, न लावा

आत जायच्या जागांना (दुकान, शाळा, शहर, देश) शेवटचा स्वर ताणून ‘न’ लावायचा. काउप्पा, काउप्पाऽन. कोउलु (शाळा), कोउलुऽन. साउना (वाफेच्या अंघोळीची खोली), साउनाऽन. किर्यास्तो (वाचनालय), किर्यास्तोऽन. पोस्ति, पोस्तिऽन. इन्तिया, इन्तियाऽन. घर म्हणजे कोति, घरी जाणं म्हणजे कोतिऽन. हा शब्द दिवसातून दहा वेळा लागतो, तो आधी पक्का करा.

बोलताना हा शेवटचा ‘न’ पुष्कळदा गळतो आणि ‘मॅ मेऽन कोतिऽ’ एवढंच ऐकू येतं. मी तर सुरुवातीला या ‘न’चीच वाट बघत बसायची. तुम्ही स्वतः तो म्हणा, पण ऐकताना ताणलेल्या स्वरावर लक्ष ठेवा.

आता शब्द मध्येच का बदलतो ते. काउप्पाऽनमध्ये ‘प्प’ आहे, काउपास्सामध्ये एकटा ‘प’. तुर्कु या शहरी जायचं तर तुर्कुऽन, पण तिथे असाल तर तुरुस्सा, ‘क’ गायबच. हेल्सिंकिऽन जाता, पण राहता हेल्सिङ्ङिस्सॅ, तिथे ‘वाङ्मय’मधला ‘ङ’ लांबवायचा आणि ‘ग’ मुळीच ऐकू येऊ द्यायचा नाही. परदेशी लोक याला फार घाबरतात. आपल्याला घाबरायचं कारण नाही. पुणेला ‘ला’ लावताना आपण ‘पुणेला’ म्हणत नाही, ‘पुण्याला’ म्हणतो. घोडा घोड्याला होतो, पाऊस पावसात होतो. प्रत्यय लागण्याआधी शब्दाने अंग बदलायचं हे सामान्यरूप आपण आईच्या दुधाबरोबर शिकलोय, फिनिशमध्ये त्याचे नियम तेवढे वेगळे आहेत. ढोबळ अंदाज असा की ‘ऽन’ लागताना ही जोडव्यंजनं शाबूत राहतात आणि ‘स्सा’, ‘स्ता’ लागताना आकसतात. शेवटी ‘इ’ असलेल्या काही जुन्या शब्दांत मात्र ‘इ’चा ‘ए’ होतो: सुओमि (फिनलंड), सुओमेऽन. लाहति हे शहर, लाहतेऽन.

याच प्रत्ययाची आणखी दोन रूपं आहेत. एकाक्षरी शब्दांत मध्ये ‘ह’ शिरतो: माऽ (देश), माऽहान. ‘कामावर’ हा रोजचा शब्द त्याच घरातला, पण अनेकवचनात: त्योइहिन. ‘मॅ मेऽन त्योइहिन’ म्हणजे कामावर जाते, फॅक्टरीत असो की शाळेत. आणि लांब शब्दाच्या शेवटी स्वर आधीच ताणलेला असेल तर ‘सेऽन’: एस्पोऽ, एस्पोऽसेऽन. पोर्वोऽ, पोर्वोऽसेऽन. ‘ए’ने संपणाऱ्या पुष्कळ शब्दांनाही हेच लागतं: हुओने (खोली), हुओनेऽसेऽन.

आपल्या गावांचं काय? सुट्टीत कुठे चाललीस, असं सहकारी विचारतातच. पुण्याला पुनेऽन, मुंबईला मुम्बाइहिन, नागपूरला नाग्पुरिऽन. परकं नाव व्यंजनाने संपलं की आधी एक ‘इ’ जोडायचा, मग तो ताणायचा. नाशिक, कोल्हापूर, सगळ्यांना तेच.

तिसरी पायरी: ‘ल्ले’च्या जागा

काही जागांना ‘ऽन’ चालत नाही, ‘ल्ले’ लागतो. मोकळ्या जागा, पृष्ठभाग, आणि जिथे आपण काही करायला जातो असे कार्यक्रम. इथे मराठीतलं ‘वर’ बऱ्यापैकी कामाला येतं. स्टेशनवर: आसेमाल्ले. बसस्टॉपवर: प्युसॅकिल्ले. किनाऱ्यावर: रान्नाल्ले. रजेवर: लोमाल्ले. विमानतळावर: लेन्तोकेन्तॅल्ले. मात्र तोरि म्हणजे बाजारचौक, आपण ‘बाजारात’ म्हणतो आणि ते तोरिल्ले. फिरायला जाणं कॅवेल्युल्ले, पळायला जाणं लेन्किल्ले, दुपारच्या जेवणाला लोउनाऽल्ले, कॉफीला काहविल्ले. ऑफिसात अकरा वाजता कोणी दारातून डोकावून नुसतं ‘लोउनाऽल्ले?’ म्हणतं, तेवढ्याने आमंत्रण पूर्ण होतं.

इथे जोडव्यंजन आकसतं हे लक्षात ठेवा. म्योक्कि म्हणजे तळ्याकाठची उन्हाळी झोपडी, तिकडे जाणं म्योकिल्ले. जूनच्या उत्तरार्धात, युहान्नुसच्या सणाला, ‘मिन्ने मात्का?’चं निम्म्या देशाचं उत्तर हेच असतं आणि शहरं ओस पडतात.

काही शब्दांना दोन्ही प्रत्यय लागतात आणि अर्थ बदलतो. युलिओपिस्तो म्हणजे विद्यापीठ. युलिओपिस्तोल्ले म्हणजे त्या आवारात, इमारतीकडे. युलिओपिस्तोऽन म्हटलं की बहुधा प्रवेश घेऊन विद्यार्थी म्हणून जाण्याचा अर्थ निघतो. माझ्या ओळखीचा एक संशोधक रोज सकाळी ‘मॅ मेऽन युलिओपिस्तोऽन’ म्हणायचा आणि घरमालक त्याला रोज शुभेच्छा द्यायचे.

गावांची नावं हा खरा चकवा आहे. राजधानीच्या परिसरातली तीन शहरं घ्या, हद्दीला हद्द लागून. हेल्सिंकिऽन, एस्पोऽसेऽन आणि वान्ताऽल्ले. तिघांची तीन तऱ्हा. ताम्पेरेला ताम्पेरेऽल्ले, रोवानिएमिला रोवानिएमेल्ले, सेइनॅयोकिला सेइनॅयोएल्ले, राउमाला राउमाल्ले. नावाच्या शेवटी नदी, टेकडी, धबधबा असेल तर ‘ल्ले’ची शक्यता जास्त, पण भरवसा नाही. ‘निएमि’ म्हणजे भूशिर. रोवानिएमिला ‘ल्ले’, पण एस्पोमधलं ओतानिएमि आणि हेलसिंकीतलं हाकानिएमि यांना ओतानिएमेऽन, हाकानिएमेऽन. वाद घालण्यात अर्थ नाही. त्या गावचे लोक म्हणतात ते बरोबर. फिनलंडची भाषासंस्था कोतुसही शिफारस करताना स्थानिक वापर बघते. आपण तरी सिंहगडावर जातो, पण अलिबागला जातो, त्याचं कारण कोणाला सांगतो?

देशांत बहुतेकांना ‘ऽन’: रुओत्सिऽन (स्वीडनला), विरोऽन (एस्टोनियाला). रशिया मात्र वेगळा: वेनॅयॅल्ले.

म्हणून कोष्टक पाठ करू नका. फिनिशमध्ये पंधरा विभक्ती आहेत असं पुस्तकं सांगतात आणि पहिल्याच आठवड्यात माणूस गळाठतो. तुमच्या आठवड्यात खरोखर येणाऱ्या बारा-पंधरा जागा काढा आणि प्रत्येक जागा ‘मॅ मेऽन’ला चिकटवूनच शिका. मी कागद फ्रिजवर लावला होता. त्यात घर, काम, पाळणाघर, दुकान, वाचनालय, डॉक्टर (लॅऽकॅरिऽन), स्टेशन, पोहण्याचा तलाव आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, एवढंच होतं.

चौथी पायरी: जाऊन येणं

इथे मराठी माणूस सगळ्यांच्या पुढे असतो आणि बहुतेकांना ते ठाऊकच नसतं.

फिनिशमध्ये ‘कॅयुदॅ’ नावाचं एक क्रियापद आहे. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘भेट देणे’ असा काहीतरी मिळतो आणि माणूस तिथेच फसतो. त्याचा खरा अर्थ ‘जाऊन येणे’. ‘मॅ कॅयुन काउपास्सा’ म्हणजे ‘दुकानात जाऊन येते’. परत येणं त्यातच धरलेलं आहे. घरात मुलं असतील आणि दूध संपलं असेल तर फिनिश आई ‘मॅ कॅयुन काउपास्सा’ म्हणून चप्पल घालते. ‘मॅ मेऽन काउप्पाऽन’ चूक नाही, पण त्यात नुसती निघाल्याची बातमी आहे. आपल्याकडे उंबऱ्यात ‘जाते’ म्हटलं की आजी दटावायची, ‘जाते नाही, येते म्हण!’ कॅयुदॅ म्हणताना मला तीच आठवते.

आता बारकाईने बघा: या क्रियापदापुढे काउप्पाऽन नाही, काउपास्सा आला. म्हणजे लिफ्टमध्ये मी ‘मॅ कॅयुन’ एवढे दोन शब्द आधी लावले असते तर माझं उत्तर अगदी शुद्ध ठरलं असतं. जाऊन येण्यात माणूस तिथे ‘असतो’, म्हणून असण्याचं रूप. ‘ल्ले’च्या जागांना असण्याचा प्रत्यय ‘ल्ला’ किंवा ‘ल्लॅ’: ‘मॅ कॅयुन तोरिल्ला’, बाजारात जाऊन येते.

रूपं अशी: मॅ कॅयुन, सॅ कॅयुत, से कॅयु, मे कॅयुदॅऽन. भूतकाळात ‘मॅ कॅविन’. सोमवारी सहकारी ‘वीकेंडला काय केलंस?’ विचारतात तेव्हा ‘कॅविन साउनास्सा’, ‘कॅविन ताम्पेरेऽल्ला’. ‘लापलंडला कधी गेलीस का?’ हा इथल्या गप्पांतला ठरलेला प्रश्न: ‘ओऽक्सॅ कॅयुन्यु लापिस्सा?’ जेवणाच्या टेबलावरून उठताना ‘मॅ कॅयुन वेस्सास्सा’, म्हणजे बाथरूमला जाऊन येते. त्यात संकोच नाही, कोणी वर बघतही नाही.

एक सावधगिरी. कॅविन (जाऊन आले) आणि कॅवेलिन (चालले) यांत एका अक्षराचा फरक आहे. भाषेच्या वर्गात मी अभिमानाने सांगितलं, ‘कॅवेलिन तालिन्नाऽन.’ हेलसिंकी आणि तालिन यांच्यामध्ये फिनलंडचं आखात आहे, सुमारे 80 किलोमीटर पाणी. बोटीला दोन तास लागतात. मी चालत गेले होते.

पाचवी पायरी: कशासाठी

‘जेवायला जाते’, ‘पोहायला जाते’ यातलं ‘आयला’ फिनिशमध्ये ‘माऽन’ किंवा ‘मॅऽन’ आहे. स्युयोमॅऽन, जेवायला. उइमाऽन, पोहायला. नुक्कुमाऽन, झोपायला. ‘मॅ मेऽन नुक्कुमाऽन’ हे रात्री दहाचं वाक्य.

आणि हेच कॅयुदॅबरोबर ‘मास्सा’ होतं: ‘मॅ कॅयुन उइमास्सा’, पोहून येते. तुलना करून बघा. ‘मॅ मेऽन हाकेमाऽन लाप्सेत’, मुलांना आणायला जाते. ‘मॅ कॅयुन हाकेमास्सा लाप्सेत’, मुलांना घेऊन येते. आपल्या ‘आणायला जाते’ आणि ‘घेऊन येते’ यांत जो फरक, नेमका तोच. वर्गात याच धड्यावर इतरांचं डोकं फिरत होतं तेव्हा मी पहिल्यांदा आरामात बसले होते.

माणसांकडे जाताना

‘आमच्याकडे’ म्हणजे मेइल्ले, ‘तुमच्याकडे’ तेइल्ले. ‘तुऽत्को मेइल्ले?’, आमच्याकडे येतेस का? ‘मॅ तुऽन तेइल्ले’, तुमच्याकडे येते. ऐकणाऱ्याच्या बाजूने ‘येणं’ म्हणायची पद्धत आपल्यासारखीच आहे. मित्राकडे काव्हेरिल्ले किंवा काव्हेरिन लुओ.

पण एक आपली सवय सोडावी लागते. निघताना आपण ‘येते हं’ म्हणतो. पार्टीतून उठून दारात ‘मॅ तुऽन’ म्हटलं तर लोक तुमची वाट बघत उभे राहतील. ‘मॅ लॅहेन न्युत, मोइ मोइ’ म्हणायचं, म्हणजे मी आता निघते.

आजी म्हणजे मुम्मो आणि आजोळ म्हणजे मुम्मोला. सुट्टीत मुलं मुम्मोलाऽन जातात, आपल्याकडे आजोळी जातात तशीच. सासू म्हणजे आनोप्पि आणि सासर आनोप्पिला, सासरी आनोप्पिलाऽन. हे सासर बायकोचं तसंच नवऱ्याचंही. माहेरासाठी असा एकशब्दी गोड शब्द मला अजून सापडलेला नाही, ‘लाप्सुउदेन्कोति’ म्हणजे बालपणीचं घर म्हणून भागवतात.

बसमध्ये, ट्राममध्ये

वाहनाला ‘ल्ला’ लागतो, आपला ‘ने’: बुस्सिल्ला (बसने), युनाल्ला (रेल्वेने), रातिकाल्ला (ट्रामने), प्युयोरॅल्लॅ (सायकलने). चालत म्हणजे कॅवेल्लेन. पूर्ण वाक्य: ‘मॅ मेऽन हुओमेन्ना युनाल्ला ताम्पेरेऽल्ले.’ शेवटचा ‘ल्ला’ की ‘ल्ले’ हे नीट म्हणा, नाहीतर ट्रेनने जायच्याऐवजी ट्रेनकडे जाल.

ड्रायव्हरला विचारायचं, ‘मेनेऽक्स तॅऽ काम्प्पिऽन?’, ही काम्प्पीला (हेलसिंकीतला एक भाग) जाते का? उत्तर ‘मेनेऽ’ किंवा ‘एइ मेऽ’. हो-नाहीऐवजी क्रियापदच परत येतं, जसं आपला कंडक्टर ‘जाते’ म्हणून मोकळा होतो. यापेक्षा जास्त गप्पांची अपेक्षा ठेवू नका.

राहणं आणि विसरणं

शेवटचा एक काटा, जो वर्षभर टोचत राहतो. ‘आज घरी राहते’ याला मराठी डोकं ‘कोतोना’ शोधतं, कारण घरी असणं म्हणजे कोतोना. पण फिनिश माणूस ‘मॅ यॅऽन कोतिऽन’ म्हणतो, जाण्याचंच रूप. मागे राहणं हीसुद्धा त्यांच्या लेखी एक हालचाल आहे. विसरण्याचंही तसंच. छत्री बसमध्ये राहिली तर ‘उनोहदिन सातेऽनवार्योन बुस्सिऽन’, शब्दशः बस‘ला’ विसरले. किल्ल्या घरी विसरले: ‘उनोहदिन आवाइमेत कोतिऽन’.

हे शेवटचं वाक्य मी एका फेब्रुवारीत, उणे अठरा तापमानात, इमारतीच्या बंद दाराबाहेर उभं राहून म्हटलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी आतून दार उघडत होत्या. त्यांनी मला आत घेतलं, माझ्या शब्दाच्या शेवटी चूक सापडते का ते क्षणभर तपासलं, आणि म्हणाल्या, ‘तुले मेइल्ले काहविल्ले.’